धक्का द्यायचाच असेल, तर आधी सांगू नका! मलपृष्ठ लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मराठी पुस्तकांच्या मलपृष्ठावरचा मजकूर लिहिणाऱ्या, लिहून घेणाऱ्या आणि 'चालेल, जाऊ दे छपाईला' असं म्हणणाऱ्या सर्व संपादक-प्रकाशक मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

"शेवटच्या पन्नास पानांत असं एक वळण येतं, की वाचकाच्या पायाखालची जमीन सरकते आणि सगळी कादंबरी पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागते."

हे वाक्य आपल्यापैकी कुणीतरी लिहिलेलं आहे. पुस्तकाचं किंवा प्रकाशनाचं नाव मी घेणार नाही. एकाला धरून झोडपण्यात अर्थ नाही, कारण हीच जमीन थोड्याफार फरकाने अनेक मलपृष्ठांवर सरकत असते. कादंबरी परवा रात्री संपली. चांगली आहे. काही ठिकाणी तर फारच चांगली आहे. तक्रार आहे ती या एका वाक्याची. त्याने माझं पुस्तक खाल्लं.

कादंबरी विनोदी आहे आणि अद्भुतही. आपल्याकडे मोठ्यांसाठी असं लिहायला कुणी सहसा धजावत नाही. अद्भुत म्हटलं की ते मुलांचं, आणि विनोद म्हटला की तो चाळीतला, लग्नातला नाहीतर ऑफिसातला, अशी आपली ठरलेली वाटणी. या लेखकाने ती मोडली, म्हणून मी पुस्तक घेतलं. त्यात एक राज्य आहे. तिथे जादू करायला परवाना लागतो, परवान्याला शिफारसपत्र लागतं आणि शिफारसपत्र द्यायलाही परवाना लागतो. एक अर्धवट शिकलेला मांत्रिक आहे, त्याच्याहून दसपट हुशार अशी त्याची सासू आहे, आणि राजाच्या किल्ल्यावर तीनशे वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला एक ड्रॅगन आहे. हा ड्रॅगन दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला कोषागाराच्या रांगेत उभा राहतो. खिडकीमागचा कारकून त्याला म्हणतो, "आपण आज जिवंत आहात ते दिसतंच आहे हो. पण गेल्या वर्षी होतात, याचा कागद कुठाय?"

विनोद जुना आहे, मान्य. पण रांगेत मागे उभ्या असलेल्यांना धूर लागू नये म्हणून नाकपुड्या दाबून धरलेला तो ड्रॅगन आणि त्याची ती अजिजी नवी आहे. खळखळून हसावं अशी ती जागा आहे.

मी हसले नाही. मी पानाचा कोपरा दुमडला. 'गेल्या वर्षी होतात का' हे कारकून उगाच विचारेल का? म्हणजे हा ड्रॅगन मेलेला असणार! शेवटच्या पन्नास पानांत तेच निघणार!

तसं काही निघत नाही, निर्धास्त असा. पण पाहा, आता तुम्हीही तो ड्रॅगन जरा बारकाईने बघायला लागला असाल. मलपृष्ठावरच्या एका वाक्याने माझं नेमकं हेच झालं, आणि तेही प्रत्येक पानावर. सासूबाईंनी आमटीला फोडणी दिली की मला वाटायचं, या बाई मूळच्या राणी असणार, फोडणीचा अंदाज बघा की. मांत्रिक झोपला की वाटायचं, आता हे सगळं स्वप्न निघणार. एकदा तर अख्खं राज्य म्हणजे कुणा मुलीची भातुकली आहे, या निष्कर्षावर मी दोन प्रकरणं ठाम होते. भातात खडा आहे हे वाढतानाच सांगितलं, तर माणूस जेवेल कसा? प्रत्येक शीत दाताखाली तपासत. मी ही कादंबरी तशी जेवले.

आणि खरं वळण आलं, तेव्हा ते माझ्या सगळ्या तर्कांपेक्षा लहान निघालं. मी मनात राज्यं उलथली होती, मेलेल्यांना उठवून बसवलं होतं. लेखकाने काय केलं होतं? एका माणसाने दुसऱ्यासाठी फार पूर्वी गुपचूप केलेली एक गोष्ट उघड केली होती, बस्स. हळवं, नेमकं, शांत वळण. कुणाच्याही पायाखालची जमीन त्याने सरकत नाही, सरकावी असा लेखकाचा इरादाही दिसत नाही. फार तर वाचणारा मान वर करतो, खिडकीबाहेर बघतो आणि मग मागचं एक पान काढून पाहतो. माझ्या तोंडून मात्र "हात्तिच्या, एवढंच?" असं निघालं. तो 'एवढंच' लेखकाच्या वाट्याला गेला. खरं तर तो तुमच्या वाक्याला जायला हवा होता.

आता आमच्या आत्याचं ऐका. आत्या सदाशिव पेठेत राहते आणि पुस्तकं लायब्ररीतून आणते. तिच्या लायब्ररीत नव्या पुस्तकाला आधी खाकी कव्हर चढतं, त्यावर दाखल क्रमांक पडतो, आणि मगच ते वाचकाच्या हाती लागतं. मलपृष्ठ कव्हरच्या आत बंद. पुस्तकात काय आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी तर मुळीच नाही, कारण मी तेव्हा पानं दुमडण्यात गुंतले होते. ती कोषागाराच्या रांगेला इतकी हसली की तिने ते पान मला फोनवर वाचून दाखवलं. मग शेवटाकडे पोचल्यावर झोपायच्या वेळी पुन्हा फोन केला. "अगं, हे काय निघालं शेवटी! मला वाटलं नुसती मजा चाललीये." आणि मग काही वेळ ती बोललीच नाही. आत्या फोनवर गप्प बसणं ही आमच्या घरात अद्भुत कादंबरीतच शोभणारी घटना आहे.

तिच्या त्या वाक्यात या साहित्यप्रकाराची सगळी कारागिरी आली. 'मला वाटलं नुसती मजा चाललीये.' गंभीर कादंबरीत लेखक धागा लपवतो तो वर्णनात किंवा एखाद्या आठवणीत. विनोदी कादंबरीत तो विनोदात लपवतो, कारण विनोदासारखी दुसरी सुरक्षित जागा नाही. वाचक हसतो आणि पुढे जातो. ज्यावर आपण हसलो, ते आपण निकालात काढलं असं आपल्याला वाटतं. दोनशे पानांनी तीच गोष्ट लेखक परत समोर ठेवतो, आणि तेव्हा कळतं की आपण हसलो ती जागा हसण्याची नव्हती, किंवा निदान नुसती हसण्याची नव्हती. यासाठी वाचक बेसावध हवा, कारण सावध माणूस हसत नाही. तुम्ही मलपृष्ठावरून 'सावधान' अशी आरोळी ठोकलीत की शेवटचं वळण तर जातंच, पण आधीच्या तीनशे पानांतलं हसूही जातं. म्हणून ही तक्रार मी विनोदी पुस्तकासाठी जास्त जोरात करते आहे. एखाद्या रहस्यकथेच्या मागे 'खुनी कोण?' असं छापलंत तर माझं काही म्हणणं नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या वाचकाने पैसे संशय घेण्यासाठीच मोजलेले असत. नारायण धारपांचं पुस्तक उचलणाऱ्यालाही ठाऊक असायचं की आपण घाबरायला आलो आहोत. तिथे इशारा हा मालाचाच भाग असतो. विनोदात तो खडा होतो.

यावर आपल्यापैकी एखादा म्हणेल, "पण बाई, आम्ही शेवट सांगितला कुठे? शेवटी काहीतरी आहे, एवढंच तर सांगितलं." मोठी गफलत इथेच आहे. शेवट सांगितला असतात तर कदाचित बरं झालं असतं!

शेवट ठाऊक असण्याचं आपल्या प्रेक्षकाला कधीच वावडं नव्हतं. 'गाढवाचं लग्न' हा वग घ्या. विनोद आणि अद्भुत यांचं लग्न लावण्यात आपण मागे नव्हतो याचा तो पुरावाच. ते गाढव म्हणजे शापित गंधर्व आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते सावळ्या कुंभाराला. दादू इंदुरीकरांचा सावळ्या बघायला लोक पुन्हा पुन्हा जात, ते गाढवाचं पुढे काय होतं हे कळावं म्हणून नव्हे. 'तो मी नव्हेच' १९६२ मध्ये रंगभूमीवर आलं. आरोपीच्या पिंजऱ्यातला लखोबा लोखंडे हाच सगळ्या वेषांतला भामटा, हे समोर बसलेल्यांना कळलेलं असे. तरीही प्रभाकर पणशीकर दरवेळी तितक्याच निर्ढावलेपणाने नाही म्हणत आणि नाट्यगृह तितकंच हसे. ज्याला सगळं ठाऊक आहे, तो खुर्चीत रेलून मजा घेतो.

ज्याला काहीच ठाऊक नाही, तोही मजा घेतो, आमच्या आत्यासारखी. लंडनला अगाथा ख्रिस्तीचं 'द माऊसट्रॅप' १९५२ पासून चालू आहे. त्यात प्रेक्षकांना विनंती करतात की खुनी कोण हे बाहेर कुणाला सांगू नका. ही विनंती केव्हा करतात? नाटक संपल्यावर. तिकिटाच्या खिडकीवर 'शेवटी तुम्ही हादरणार आहात' असं कुणाच्या कानात सांगत नाहीत.

मधल्यामध्ये अडकतो तो तुमचा वाचक. त्याला अर्धंच कळलेलं. ज्ञान नाही म्हणून रेलता येत नाही, अज्ञान नाही म्हणून वाहूनही जाता येत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या जोनाथन लेव्हिट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. बारा लघुकथा घेतल्या, काही वाचकांना शेवट आधीच सांगितला, काहींना नाही. ज्यांना शेवट सांगितला होता त्यांना कथा सरासरीने जास्त आवडल्या, अगदी शेवटी कलाटणी असलेल्या कथासुद्धा. पुढे दुसऱ्या संशोधकांना याच्या उलटही आढळलं, तेव्हा हा काही अंतिम निकाल नव्हे. पण त्या प्रयोगातल्या वाचकांना शेवट सांगितलेला होता. 'शेवटी काहीतरी भयंकर आहे, बसा शोधत' असं म्हणून सोडलेलं नव्हतं. ते तुम्ही करता.

तुमची अडचण मला समजत नाही असं नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजाराच्या आसपासची, तीही संपता संपत नाही. त्यात विनोदी अद्भुत कादंबरी म्हणजे दुकानात कुठल्या फळीवर ठेवायची इथपासून प्रश्न. अप्पा बळवंत चौकात गाईड आणि स्पर्धा परीक्षांच्या ठोकळ्यांमधून वाट काढत मी काउंटरशी पोचले, तर आतून मला हे पुस्तक बालसाहित्याच्या गठ्ठ्यातून काढून देण्यात आलं. मुखपृष्ठावर ड्रॅगन, दुसरं काय होणार! तिथे उभं राहून चाळायची सोय नसते. मागे गिऱ्हाइकांची रांग असते आणि पुढे 'बोला, अजून काय?' असं विचारणारा माणूस. पुस्तक उलटं करून मागचं वाचायचं आणि पैसे द्यायचे, एवढाच वेळ. ऑनलाइन घेणाऱ्याला तर तेवढंही नाही. मोबाईलच्या पडद्यावर किमतीखाली जो मजकूर दिसतो तो बहुधा हाच. म्हणजे सबंध पुस्तकाचा भार या दहा ओळींवर येतो, आणि दहा ओळी लिहिणाऱ्याला कुणीतरी सांगितलेलं असतं, 'जरा उत्सुकता वाढवा.'

पण उत्सुकता शेवटाचीच का वाढवायची? डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर भरतो त्या पुस्तक महोत्सवात एखादा स्टॉल गाठून बघा. तिथे माणसं पुस्तक मधूनच उघडतात. एक परिच्छेद वाचतात, ओठाच्या कोपऱ्यात हसतात आणि पुस्तक बगलेत मारून पैसे द्यायला जातात. शेवटची पानं उघडून बघणारा क्वचित. आणि तोही 'किती पानं आहेत' एवढंच बघत असतो.

जाता जाता कौतुकाच्या ओळींबद्दल. 'या दशकातली महत्त्वाची कादंबरी' असं कुणा नामवंताचं वाक्य मागे छापलंत तर माझा तितका राग नाही. त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, त्यामुळे त्याचा त्रासही होत नाही. अमेरिकेतल्या सायमन अँड शुस्टर या मोठ्या प्रकाशनाने तर २०२५ च्या सुरुवातीला जाहीर केलं, की त्यांच्या मुख्य प्रकाशन-शाखेच्या लेखकांना अशी वाक्यं गोळा करत हिंडण्याची सक्ती यापुढे नाही. आपल्याकडे याच्याही पुढचं उदाहरण आहे. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला आपली पहिली विज्ञानकथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली, हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली, आणि कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे पुणेकर झालेल्या या माणसाला आपल्या नावाचं लेबलसुद्धा कथेच्या आड यायला नको होतं. इथे मात्र कथेच्या पाठीवरच तिचा शेवट वाजवला जातो.

मग लिहायचं काय, असं विचाराल. मी काही त्या धंद्यातली नाही, पण रागाच्या भरात या कादंबरीसाठी एक मसुदा करून बघितला:

"या राज्यात जादू करायला परवाना लागतो, आणि परवान्याची कचेरी दुपारी एक ते चार बंद असते. निवृत्त ड्रॅगनला पेन्शन हवी आहे. अर्धवट शिकलेल्या मांत्रिकाला परवाना हवा आहे. मांत्रिकाच्या सासूला या दोघांनी एकदा तरी वेळेवर जेवायला यायला हवं आहे. तिघांचं एकत्र निघणं ही या कादंबरीची सुरुवात."

आणि याखाली कोषागाराच्या रांगेतला तो संवाद, जसाच्या तसा. बस्स. ज्याला तो वाचून हसू येणार नाही, त्याने पुस्तक घेऊ नये. त्याच्याकडून पुढे 'पैसे वाया गेले' हे ऐकण्यापेक्षा ते बरं. ज्याला हसू येईल त्याच्यापासून शेवटची शंभर पानं लपवून ठेवा, वळण असो वा नसो. वळण नाही हेही सांगू नका. तोसुद्धा सुगावाच होतो.

आणखी एक. मलपृष्ठावरचा मजकूर छपाईला जाण्याआधी लेखकाला दाखवत चला. दाखवत असाल तर त्याने 'नको' म्हटल्यावर ऐकत चला. या लेखकाने तीनशे पानं एक गोष्ट किती जपून, किती हसवत, हातचं राखून नेली आहे, हे वाचणाऱ्याला दिसतं. ते वाक्य त्याने पाहिलं असेल आणि होकार दिला असेल, असं मला वाटत नाही. दिला असेल, तर पुढच्या कादंबरीच्या वेळी त्याच्याशी वेगळं बोलावं लागेल.

दुसऱ्या आवृत्तीत हे वाक्य काढता येईल. दुसरी आवृत्ती निघावी म्हणून मी माझ्याकडून चार जणांना पुस्तक भेट दिलं आहे. देण्याआधी प्रत्येक प्रतीला खाकी कव्हर घातलं. त्यातल्या एकाने विचारलं, "पुस्तक जुनं आहे का हो?"

कळावे,
आपली एक वाचक,
पुणे